पहिलीचं पुस्तक

माझ्या धाकट्या बहिणीने पहिलीचं पुस्तक लिहिलं आणि त्यावर नाव छापलं गेलं राज्याच्या शिक्षण अधिकाऱ्याचं. आधी म्हणाला, मी फक्त प्रस्तावना लिहितो. पुस्तक छापून आलं तेव्हा प्रस्तावनेसकट सगळं त्याचंच झालं होतं. तेव्हापासून घरात मी त्याला ‘प्रस्तावना’च म्हणते. धाकटी हसून सोडून देते आणि रोज तेच पुस्तक पहिलीच्या वर्गात शिकवते. मी सोडणाऱ्यातली नाही. मी डूख धरून बसले.

पुस्तक मात्र गोड आहे. दोरीवर वाळणारा बाबांचा सदरा वाऱ्याने फुगतो आणि छोटी त्याला ‘जाडे बाबा’ म्हणून हाक मारते. गळक्या नळाखाली भांडं लावलेलं असतं. सगळं मुलांनी घरात पाहिलेलं, त्यामुळे अक्षर ओळखायच्या आधीच ती पुढचं वाक्य सांगून मोकळी होतात.

यंदा केंद्राचा प्रस्ताव आला. शहरातल्या शाळा आमच्याकडे द्या, नव्या इमारती घ्या, पगार वेळेवर घ्या. पुस्तकं आणि परीक्षा मात्र देशभर एकच. राज्य म्हणालं, मुलं आमची, शाळा आमच्या. निर्णय आला शहराच्या शिक्षण समितीवर. दोघं इकडे, दोघं तिकडे आणि पाचवी मी, निवृत्त मुख्याध्यापिका. लांब राजधानीत बसलेल्याला आमच्या वर्गातलं काय कळणार, हे मी नोकरीभर घसा सुकेपर्यंत सांगितलं होतं. म्हणून प्रस्तावनेने मला गृहीत धरलं.

तरी एकदा घरी येऊन गेला.

“बाई, तुमचं मत म्हणजे घरचंच.”

“घरचंच की,” मी म्हटलं आणि चहात एक चमचा साखर जास्त घातली.

“आपलं पुस्तक टिकलं पाहिजे हो. माझ्या आयुष्याची कमाई आहे ती.” मग त्याचं लक्ष धाकटीकडे गेलं. “तुमचीही मदत झाली होती ना थोडी?”

“थोडी,” धाकटी म्हणाली.

तिथेच माझं ठरलं.

तो गेल्यावर तिने विचारलं, “ताई, तू राज्यालाच मत देणार ना?”

“तू नको काळजी करूस,” मी म्हटलं.

बैठकीत त्याने पुस्तक हातात धरून लांबलचक भाषण केलं. मातीतलं शिक्षण, आईची भाषा, सगळं माझ्याच भाषणांतून उचललेलं. त्या कामात त्याचा हात बसलेलाच होता. दोन-दोन मतं पडली. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं.

मी उभी राहिले. “शाळा राज्याकडेच असाव्यात, असं मी जन्मभर बोलले. पण राज्य म्हणजे हे साहेब असतील तर नकोत. माझ्या बहिणीचं पुस्तक यांनी स्वतःच्या नावावर छापलं. ते पुस्तक जाऊ दे आणि यांची खुर्चीही जाऊ दे. माझं मत केंद्राला.”

त्याने पाण्याचा ग्लास उचलला होता, तो तसाच खाली ठेवला. चेहरा पांढराफटक पडला होता. शेजारचा सदस्य खुर्ची थोडी लांब सरकवून बसला. मला इतकं बरं वाटलं की घरी मी जवळजवळ धावतच आले.

धाकटी टेबलाशी बसून वर्गासाठी पुठ्ठ्याची अक्षरं कापत होती. मी सगळं रंगवून सांगितलं, ग्लाससुद्धा सोडला नाही. तिने कात्री खाली ठेवली.

“म्हणजे पुस्तक बंद?”

“कायमचं. त्याचं नाव पुसलं मी.”

“नाव त्याचं होतं गं. पुस्तक माझं होतं.”

“अगं, पण जगाला कुठे माहीत होतं?”

“मला होतं. रोज पोरं ‘जाडे बाबा’ म्हणून खिदळायची ना, तेवढं मला पुरत होतं. त्याने माझं नाव घेतलं, ताई. बाकीचं तू घेतलंस.”

“तुझ्यासाठीच केलं मी.”

“मी सांगितलं होतं?”

तिच्यासाठी जीव तुटत होता, खोटं नाही. पण त्याच वेळी प्रस्तावनेचा तो पांढरा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मला पुन्हा तितकंच बरं वाटलं. ते तिला माझ्या तोंडावर दिसलं. तिने अक्षरं गोळा केली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.