भामाचा नवस

काचीगुड्याच्या त्या घरात भामाला कोणी डांबून ठेवलं नव्हतं बरं का. दाराची कडी आतूनच लागायची. पण सासरे एकनाथराव, त्यांना दर दोन तासांनी काहीतरी लागायचं आणि ते सुनेच्याच हातचं लागायचं. पुण्याला भाचीच्या लग्नाला जाते म्हटलं, तर "नक्को, मग माझं कोण बघणार?" त्या भाचीला आता दोन मुलं झाली.

मग एका गुरुवारी, दत्ताची आरती झाल्यावर, भामानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "मी नवस बोललेय. गाणगापूरला पायी जाणार. एकटीच." बारा-तेरा दिवसांची वाट! आणि नवस? चक्क थाप होती ती. पण सुनेला नाही म्हणायची सवय असली, तरी देवाला नाही म्हणायची छाती या घरात कोणाची? एकनाथरावांनीसुद्धा हात जोडले. सुटले गं बाई, असं भामाला वाटलं.

कसली सुटते! चौथ्या दिवशी तिचा नवरा गिरीश गुरुजींना विचारून हसत हसत घरी आला. नवस बायकोचा असला तरी नवऱ्यानं फेडलेला चालतो म्हणे, फक्त निघताना संकल्प सोडायचा. "तू बिलकुल परेशान होऊ नकोस. मीच चालतो." कोपऱ्यावरच्या दुकानात स्कूटरनं जाणारा हा माणूस! जीव होता हो त्याचा तिच्यावर, तेच तर वाईट. भांडायलासुद्धा जागा नाही. भामा त्याच्यासाठी दशम्या करत बसली. रडू आलं की चटणीच्या मिरच्यांवर ढकलायची.

निघायच्या सकाळी गुरुजींनी गिरीशच्या तळहातावर पळीभर पाणी घातलं आणि ते भामाकडे वळले. "वहिनी, देवाकडे मागितलं काय होतं? संकल्पात सांगावं लागतं."

मामंजींची तब्येत, हे उत्तर जिभेवर तयार होतं. पण देवासमोर दुसरी थाप मारायला तिचं मन धजेना.

"काही नाही मागितलं. नवस नव्हताच. मला या घरातून बाहेर पडायचं होतं."

गिरीशनं हातातलं पाणी ताम्हनात ओतलं. त्याच्या जिवात जीव आला. "अगं, मग आधी नाही का सांगायचं! नवसच नाही, तर कोणालाच जायला नको."

"हौ," खुर्चीतून एकनाथराव म्हणाले. "आता चहा टाक."

सवयीनं भामा स्वयंपाकघराकडे दोन पावलं गेलीसुद्धा. मग मात्र तिच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि ती मागे वळली.

"नवस असता तर तुम्ही फेडला असता," ती गिरीशला म्हणाली. "हे माझ्या मनातलं आहे. ते माझ्याऐवजी दुसरं कोण चालून येणार? मीच जाणार. आजच."

कोणी हो म्हणालं नाही. तिनं विचारलंही नव्हतं.