स्वागताच्या फुग्यांत गेलेला माझा वायू

मी एक जुना पंप आहे, थकलेल्या हृदयाला हातभार लावणारा. मित्रांनो, माझी नळी मांडीतल्या रक्तवाहिनीतून थेट हृदयाजवळ पोचते. तिच्या टोकाला लांबट फुगा असतो. हृदय विसावले की मी तो हेलियम वायूने फुगवतो आणि ते पुन्हा आकुंचन पावू लागले की झटकन रिकामा करतो. तेवढ्याने त्याचे ओझे हलके होते.

बारा वर्षे मी अतिदक्षता विभागात राबलो. मग एक नवे यंत्र आले. ते शरीरातले रक्त बाहेर घेऊन, त्यात प्राणवायू मिसळून परत आत ढकलते. त्याच्या स्वागताला विभागात फुगे लावले. तंत्रज्ञाने त्यांत माझ्याच सिलिंडरमधला हेलियम भरला.

"याला आता कोण विचारतंय?" तो म्हणाला.

फुगे छताला टेकले आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. दोन वर्षे तिकडे कोणी फिरकले नाही. भिंतीपलीकडे यंत्राची घंटा वाजली की मी उगाच कान टवकारायचो. फार एकटे वाटायचे.

एका दुपारी एका शिंपीकाकांना आणले. हृदयविकाराचा जबर झटका आला होता. नव्या यंत्राने त्यांना सावरले खरे, पण ते यंत्र समोरून इतक्या जोराने रक्त ढकलत होते की त्या दुबळ्या हृदयाला रिकामे होताच येईना. फुप्फुसांत पाणी साचू लागले.

"तो जुना पंप आणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन्ही एकत्र चालवू."

तंत्रज्ञाने माझ्या सिलिंडरवरचा वायूचा काटा पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. "मॅडम, गॅस तळाला गेलाय. मीच फुग्यांत भरला होता."

"किती पुरेल?"

"फार तर संध्याकाळपर्यंत."

"मग त्याच्या आत दुसरा सिलिंडर आण. कुठूनही."

तो पळत सुटला. मी जीव मुठीत धरून फुगा हलवत राहिलो. काटा शून्याला टेकता टेकता तो धापा टाकत परतला.

सहाव्या दिवशी काका काकूंशी बोलले. काकूंनी नव्या यंत्रावरून मायेने हात फिरवला. माझ्याकडे त्यांचे लक्ष गेले नाही, आणि मला वाईट वाटले.

मी पुन्हा अडगळीत आलो. पण तंत्रज्ञ दर सोमवारी यायचा, काटा बघायचा आणि विचारायचा, "आहेस ना?" त्या दोन शब्दांवर माझा आठवडा निघायचा.

गेल्या महिन्यात त्याची बदली झाली. तीन सोमवार दार उघडलेले नाही. भिंतीपलीकडे आता घंटा वाजते आहे. मित्रांनो, इकडून जाणार असाल तर माझा काटा तेवढा बघून जा.