कारणाचा रकाना

मित्रांनो, मी दोनशे पानांची एक जुनी नोंदवही आहे. वय झाले की माणसे निवळतात म्हणे. मी निवळलेली नाही. मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

कोथरूडमध्ये गच्चीवर भाज्या लावणाऱ्यांचा एक ऑनलाइन गट आहे. तो श्यामसुंदरकाकांनी सुरू केला. काका टपाल खात्यातून निवृत्त झालेले. नोंदीशिवाय पाकीट हलू द्यायचे नाहीत. गटाचे व्यवस्थापक पाच, पण पाचही जण एकाच पासवर्डने आत शिरत. पडद्यावर नुसते 'व्यवस्थापक' दिसे. म्हणून काकांनी मला आणले आणि रकाने आखले: तारीख, कोणाचा मजकूर काढला, कोणाला वगळले, का, आणि कोणी. आधी कारण लिहायचे, मग बटण दाबायचे, असा त्यांचा नियम होता. लिहिता लिहिता कित्येकदा व्यवस्थापकाचाच राग ओसरे आणि बटण दाबायचे राहून जाई. भांडायला आलेला सभासद माझे पान वाचून गुपचूप घरी जाई. ते माझे मानाचे दिवस होते.

मग काका मुलाकडे हिंजवडीला राहायला गेले आणि मी व्यवस्थापक शर्मिलाबाईंच्या ताब्यात आले. "एवढं काय लिहायचं? आपण काय कोर्ट चालवतो?" असे म्हणून त्यांनी मला कोरफडीच्या कुंडीखाली सरकवले. दोन वर्षे मी तिथे ओल खात पडले होते.

परवा गटातल्या उल्काताई शर्मिलाबाईंच्या घरी आल्या. त्या शाळेत शिकवतात. गटावर विकल्या जाणाऱ्या खताने आपली वांगी जळाली, एवढेच त्यांनी फोटोसह लिहिले होते. तो मजकूर गेला आणि त्यांनाही वगळले गेले. आता लोक म्हणतात, बाईंनी काहीतरी घाण लिहिले असणार, उगाच कोण काढेल? ही कुजबुज त्यांच्या वर्गातल्या पालकांपर्यंत पोचली आहे.

"अहो, मला कोणी काढलं आणि का, तेवढं दाखवा," त्या म्हणाल्या.

शर्मिलाबाईंनी इतर चौघा व्यवस्थापकांना फोन लावले. सलिल म्हणाला, "मी नाही बुवा." बाकीच्यांचेही तेच उत्तर. "आणि मीही नाही," शर्मिलाबाई म्हणाल्या.

"म्हणजे माझी मीच गेले," उल्काताई म्हणाल्या.

शेवटी मला बाहेर काढून उघडले. शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची. एका ओळीने या बाईंचे नाव स्वच्छ राहिले असते आणि ती ओळ माझ्याजवळ नव्हती. मला लाज वाटली, आणि त्या पाचांची चीड आली.

"घेते ना तुम्हाला परत, आत्ताच," शर्मिलाबाई म्हणाल्या.

"घ्या. पण का काढलं होतं असं पालकांनी विचारलं, तर काय सांगू?"

शर्मिलाबाई चहा ठेवायला उठल्या. उल्काताई चहा न घेताच निघाल्या.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हाती असे बटण येईल. दाबण्याआधी दोन ओळी लिहा आणि खाली आपले नाव घाला. तेवढी हिंमत नसेल, तर बटणाला हात लावू नका.