छातीवरचा हात

लातूरला माझा नाचाचा क्लास आहे. यंदाच्या कार्यक्रमासाठी मी बोलपट नवे होते तेव्हाची, नव्वदेक वर्षांपूर्वीची चार मिनिटांची नाचाची फिल्म निवडली. सुरुवातीला नाव येतं, ‘मिस नीला, उदगीर’. कॅमेरा आणि मायक्रोफोन दोन्ही जागचे हलत नसत, त्यामुळे बाईला चटईएवढ्या जागेत नाचायचं होतं. तेवढ्यातही ती अशा गिरक्या घेते की आजच्या पोरींनी लाजावं. उजवा हात हवेत खेळतो, डावा जवळजवळ सतत छातीवर. विरहाची अदा म्हणून मी ती बारा मुलींकडून घोटून घेतली.

त्यातली वर्षाराणी उदगीरच्या लिंगायत घरातली. तिनं घरी फिल्ममधलं नाव सांगितलं आणि तिची नव्वदीची पणजी कमलम्मा आपला मुलगा विरूपाक्ष यांना घेऊन क्लासवर हजर झाली. नीला म्हणजे कमलम्माची आई. लेक एक वर्षाची असताना ती सिनेमात गेली. लिंगायतानं मरेपर्यंत उतरवायचं नसतं ते गळ्यातलं लिंग काढून फेकून गेली, असं घरात सांगत, म्हणून तिचं नाव कुणी काढत नसे.

“माझ्या अव्वाच्या गळ्यात लिंग हाय का, तेवढंच बघायचंय,” कमलम्मा म्हणाली.

मी फिल्म लावली. पदर, दागिने, त्यांवर हात. काही दिसेना.

“न्हाई दिसत. चल आता,” विरूपाक्ष म्हणाले. म्हातारीचा चेहरा उतरला. तरी ती उठेना.

“बाई, ती हात कशाला दाबून राहिली?”

“विरह दाखवतेय.”

“कसला विरह! फुगडी घालताना मी बी असाच धरायची. लिंगाची चांदीची डबी उडती, दागिन्यावर वाजती.”

मूळ फिल्ममध्ये एका गिरकीला हात सुटतो आणि तिथं टकटक ऐकू येते. खराबी समजून मी ती क्लासच्या प्रतीतून काढून टाकली होती. आता मूळ प्रत लावली. हात सुटला, टक, टक. हात परत छातीवर, आवाज बंद. मायक्रोफोनमध्ये वाजू नये म्हणून बाई एका हातानं नाचली, पण लिंग उतरवलं नाही. आणि मी त्याचा विरह केला होता! मला माझीच लाज वाटली.

“बघ अव्वा, झालं ना समाधान?” विरूपाक्ष म्हणाले.

कमलम्मा पडद्याकडेच बघत होती.

“माझ्या लग्नात ती दारापर्यंत आल्ती,” ती म्हणाली. “मीच हाकलली.”