वळणातलं वजन

घराखालच्या गॅरेजात बाबांनी एक छोटी स्पोर्ट्स कार कित्येक वर्षं खपून स्वतः बांधली होती. दोन सीट, ॲल्युमिनियमचा पत्रा, बेताचं इंजिन. ना एसी, ना गालिचा. मोठं इंजिन का नाही टाकलं, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "ते सरळ रस्त्यावर पळवणाऱ्यांना. जड गाडी वळणात बसकण मारते. मला वळणंच आवडतात."

मुलगी त्याच गॅरेजात वेल्डिंग करायची. बाबा तिला ठमी म्हणत.

पहिल्यांदा हातातून पाना निसटला तेव्हा बाबा हसले. मग शर्टाची बटणं लागेनात. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, स्नायू असेच झिजत जाणार. औषध नाही.

काही महिन्यांत त्यांना स्टिअरिंग ओढवेना. ठमीने भंगारातून पॉवर स्टिअरिंगची मोटर आणून बसवली. मोटरसाठी मोठी बॅटरी आली, ब्रेक हलक्या पायाने लागावा म्हणून बूस्टर आला, पाठीला आधार म्हणून जाड सीट आली. बाबा प्रत्येक वस्तू आधी मांडीवर घेऊन वजन अजमावायचे आणि तोंड वाकडं करायचे.

"बाबा, तुम्हाला चालवता यायला हवी ना?"

"हवी गं. पण मग ती हीच गाडी राहील का?"

रविवारी सकाळी दोघं डोंगराच्या रस्त्याला लागले. बाबा चालवत होते. "गाडीचं नाक जड झालंय," ते म्हणाले. "चाकं काय करतायत, हातात काही येतच नाही."

पूर्वी पुढची चाकं घसरू लागली की स्टिअरिंग हलकं पडायचं आणि ते लगेच सावरायचे. आता मधल्या मोटरमुळे ते त्यांना कळलंच नाही. एका उतरत्या वळणात गाडी वळायच्या ऐवजी सरळच सरकत गेली आणि ठमीच्या बाजूने कठड्यावर आदळली. दार आत आलं. ठमीचं मनगट मोडलं.

बाबा तिच्या लोंबणाऱ्या हाताकडे बघत राहिले. "बास झालं," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंग धरलं नाही.

प्लास्टर निघाल्यावर तिने दार ठोकून सरळ केलं आणि वाढवलेलं सगळं काढून टाकलं. अधूनमधून ती नि आई बाबांना उचलून शेजारच्या सीटवर बसवायच्या. वळणात त्यांची मान कलंडायची, म्हणून ठमी गाडी रांगत न्यायची. बाबा खिडकीबाहेर बघत बसायचे. पुढे पुढे तेही नको म्हणू लागले. थंडी सरताना ते गेले.

महिन्याभराने ठमीने गाडी बाहेर काढली. एकटीच होती. पहिल्याच वळणात गाडी मनात आलं तशी आत शिरली. पुढच्या वळणात तिने वेग वाढवला, त्याच्या पुढच्यात आणखी. इतकी चपळ गाडी तिच्या हातात कधीच चालली नव्हती. ठमी मोठ्याने हसली. मग शेजारच्या रिकाम्या सीटकडे नजर गेली आणि गाडी इतकी हलकी का चालतेय, ते तिला कळलं. तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. बराच वेळ तिला चावी फिरवायचा धीर झाला नाही.

घरी आई बाबांचे शर्ट पिशवीत भरत होती.

"कशी चालली?"

ठमीला खोटं बोलवेना. "चांगली," ती म्हणाली. "फार चांगली चालली, आई."

आईने हातातला शर्ट तसाच धरून ठेवला. मग घडी न करताच पिशवीत टाकला.