थोरल्या साडूंचे तारे

"परत बघ. आत्ता आले असतील."

पुतणीने मोबाईल काकांपुढे धरला. सर्चमध्ये 'लाकडी फोटोफ्रेम' टाकलं की थोरल्या साडूंच्या दुकानाखाली पिवळे तारे, किंमत आणि एका फ्रेमचं देखणं चित्र यायचं. त्याखाली काकांचं, म्हणजे धाकट्या साडूंचं दुकान : नाव, एक ओळ मजकूर, संपलं.

दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, दोघांचा धंदा फोटोंना फ्रेम करण्याचा आणि दुकानं एकाच रस्त्यावर. एवढं साम्य असलं की माणसाला मत्सर वेगळा शिकावा लागत नाही.

"तू आपल्या वेबसाइटमध्ये तो कोड घातलास ना?"

"घातला, काका. कोड म्हणजे चिठ्ठी. ही किंमत, हे अभिप्राय, असं आपण सर्चला लिहून कळवतो. चिठ्ठीत चूक नाही, तपासलीय मी. पण तारे दाखवायचे की नाही, ही त्यांची मर्जी."

"त्याच्यावर बरी मर्जी होते!"

पुतणी वेबसाइट चाळता चाळता थांबली. "काका, फ्रेमच्या पानावरचे अभिप्राय कुठे गेले?"

धाकटे स्वच्छ काच पुन्हा पुसू लागले. "काढून टाकले."

"अहो, चिठ्ठीत अभिप्राय आहेत आणि पानावर नाहीत! गिऱ्हाइकाला जे दिसत नाही ते कोडमध्ये लिहिलं की लबाडी धरतात. का काढलेत?"

उत्तर काकूने दिलं. "एका बाईने लिहिलं होतं, 'फ्रेम सुरेख. पण घाई असेल तर यांच्या साडूंकडे जा.'"

"साफ खोटं!"

"खोटं? तिच्या लग्नाचा फोटो तुम्ही दिलात तेव्हा तिची मुलगी रांगत होती."

"मग तेवढाच काढायचा ना, काका."

"एकच काढला असता तर कुणालाही संशय आला असता," धाकटे म्हणाले. सगळेच काढल्यावर संशय येत नाही, असा त्यांचा हिशेब होता.

शेवटी काळजावर दगड ठेवून त्यांनी अभिप्राय परत लावले, त्या बाईच्या अभिप्रायासकट. तारे आले नाहीत.

"हमी नसतेच," पुतणी म्हणाली. "आता लबाडी उरली नाही, एवढंच."

आणि मग एका सकाळी थोरल्यांचेही तारे नाहीसे झाले. का, ते पुतणीलाही सांगता येईना. धाकट्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, चेहरा पाडला आणि सांत्वनाला निघाले.

थोरल्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

"साडूभाऊ, वाईट वाटलं. तुमचे तारे गेले."

"कसले तारे?"

"सर्चमधले. दुकानाच्या नावाखाली होते ते."

"होते का? असतील." थोरल्यांच्या हातांत भलीमोठी काच होती. "बरे आलात. हे टोक धरा जरा."

धाकट्यांनी टोक धरलं. थोरल्यांनी बारीक खिळे तोंडात घेतले आणि चौकटीवर वाकले.

"नवा माणूस ठेवलात वाटतं?" बाकावरच्या आजींनी विचारलं.

थोरल्यांना तोंड उघडता येईना. धाकट्यांनी क्षणभर वाट पाहिली.

"हो," ते म्हणाले, आणि काचेची धार आजींना लागू नये म्हणून थोडे मागे सरकले.