चिमूटभर खाणं

त्याने बायकोची मान धरून तिचं तोंड टाकीच्या काचेवर दाबलं.

"बघ, डोळे फाडून बघ. वाळूवर तपकिरी साय धरलीये. कुणामुळे?"

त्याच्या दुसऱ्या हातात परीक्षानळी होती. महिन्यापूर्वी मांडलेल्या या खाऱ्या पाण्याच्या टाकीत नायट्रेट वाढलं, की नळीतलं पिवळं पाणी तांबडं होई. आज ते डाळिंबाच्या रसासारखं दिसत होतं.

"मी जास्त खाणं घातलेलं नाही," ती म्हणाली. काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली. आतला नारिंगी मासा तिच्या ओठांपाशी आला. माणूस आलं म्हणजे खाणं आलं, एवढंच त्याला ठाऊक.

"मग जास्तीचं काय मासे हॉटेलातून मागवतात?"

त्याने तिचं कपाळ काचेवर आपटलं. पाणी हिंदकळलं.

कोपऱ्यातल्या खुर्चीत त्याचे वडील पुस्तक घेऊन बसले होते. पान केव्हाचं उलटलं नव्हतं. रोज दुपारी सून भांडी घासायला वळली, की ते डबीतली चिमूट टाकीत सोडत आणि माशांशी दोन शब्द बोलत. माणसांशी त्यांना ते कधी जमलं नव्हतं. न खाल्लेलं तळाशी कुजतं, त्याचंच नायट्रेट होतं, हे त्यांनी नंतर वाचलं. मागच्या रविवारी सुनेचा ओठ फाटला, तेव्हाही ते ठाऊक होतं आणि तोंडातून शब्द फुटला नव्हता.

मुलाने हात उगारला. वडील उठले. मांडीवरचं पुस्तक खाली पडलं.

"सोड तिला. मी घालतो खाणं, रोज. मार मला."

त्यांनी चष्मा काढून मुठीत धरला आणि डोळे मिटले.

मुलगा हसला.

"तुम्ही होय! आधी नाही का सांगायचं, बाबा? चिमूटभराने काय होतंय? नवी टाकी म्हणजे वर-खाली व्हायचंच. चार बादल्या पाणी बदललं की येतं ताळ्यावर. बसा तुम्ही."

वडिलांच्या खांद्यावर थोपटून, शीळ घालत तो मोरीत पाण्यात मीठ कालवायला गेला.

सून सरळ झाली. काचेवर रक्ताचा ठसा उमटला होता.

"पोरी, मी..."

"ऐकलंत ना, बाबा? चार बादल्यांचं काम होतं."

तिने चपला पायात न घालता हातात घेतल्या. म्हाताऱ्याने दाराची कडी बोटांनी दाबून आवाज न करता काढली. ती जिना उतरू लागली.

"अगं, दुसरी बादली आण!" मोरीतून हाक आली.

"आणतो मी," म्हातारा म्हणाला, आणि जिना शांत होईपर्यंत दारातून हलला नाही.